तिचा पत्ता कुणी सांगितला?

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयावरून गेलो की ती आपोआप समोर येते. बायकांच्या वॉर्डातली कोपऱ्यातली खाट, आणि तिच्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. पाचवा महिना होता तिला. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत मारलं होतं. मी जबाब घ्यायला गेलो होतो. अशा वेळी माणसं रडतात, शिव्या देतात, नाहीतर गप्प होतात. तिने यातलं काहीच केलं नाही. माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "साहेब, मारलं कुणी ते मला ठाव हाय. माझाच भाऊ हाय त्यो. तुमी मला एवढंच सांगा, आमी कुठं राहतो हे त्याला कुणी सांगितलं?"

इथे मी कुणाचं नाव घेणार नाही. काही गावंही गाळली आहेत. या प्रकरणातली बहुतेक माणसं हयात आहेत, आणि नावं छापून मला कुणाचं भलं करता येणार नाही. वाईट मात्र होऊ शकतं.

मुलगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, मोठ्या बागाईतदाराच्या घरातली. मुलगा जातीबाहेरचा, वेल्डिंगचं काम करणारा. दोघंही सज्ञान. नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि घर सोडलं. मुलीच्या घरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली, तेव्हा दोघंही माझ्या ठाण्यात हजर झाली आणि 'आम्ही स्वखुशीने लग्न केलं आहे' असा जबाब देऊन गेली. जबाबात पत्ता होता. तो कागद मी वेगळ्या पाकिटात घालून कपाटात कुलपाखाली ठेवायला लावला. अशा प्रकरणांत पुढे काय होतं हे नोकरीत दोन-तीनदा पाहिलं होतं, म्हणून ही काळजी.

त्या दोघांनीही काळजीत कसर ठेवली नव्हती. जुनी सिमकार्डं मोडून टाकली. येडशीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानातली खोली भाड्याने घेतली. मुलगा शेजारच्या गावात वेल्डिंगच्या दुकानात जायचा, मुलगी घरीच. श्रावणात सगळा मुलूख रामलिंगाला लोटतो, पण ही पोर कधी देवाला गेली नाही. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. नात्यागोत्यात त्यांचा ठावठिकाणा फक्त एका माणसाला माहीत होता. ती म्हणजे मुलाची थोरली बहीण. ती बेंबळीला राहायची, शिवणकाम करायची. आई-वडील गेल्यावर या भावाला तिनेच लहानाचा मोठा केला होता.

तरीही एका दुपारी जीप आली. मुलगा जेवायला घरी आला होता. मुलीचा सख्खा भाऊ आणि एक चुलतभाऊ, दोघांच्या हातात लोखंडी पाईप. शेतमालकाच्या बायकोने प्रसंग ओळखून मुलीला आपल्या घरात ओढलं आणि आतून कडी लावली, म्हणून ती वाचली. खिडकीच्या गजांतून तिने सगळं पाहिलं. मुलाला सोलापूरला नेताना वाटेतच त्याने प्राण सोडला.

खुनाचा गुन्हा दाखल झाला. आरोपी फरार. पथकं पाठवली, नाकाबंदी लावली, नातेवाइकांच्या घरी झडत्या घेतल्या. हाती काही लागेना. मग बातमी आली ती तेरखेड्याच्या बाजूने, हमरस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या एका माणसाकडून. तो आमचा जुना बातमीदार. "साहेब, एक जीप आलीया. टायर बदलून पायजे म्हणत्यात, पर खाली कुणी उतरंना. कडक ऊन हाय आन काचा वर करून बसल्यात." त्याला म्हटलं, नट सैल होत नाही म्हणून वेळ काढ. त्याने असा काही वेळ काढला की पथक पोहोचलं तेव्हा आरोपी स्वतःच जॅक फिरवत होते.

दोघांना अटक झाली, पाईप जप्त झाले, कपडे तपासणीला गेले. पाहणारी साक्षीदार होतीच. वर्तमानपत्रांत 'तपास पूर्ण' असं छापून आलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरं सांगायचं तर खून कुणी केला हे शोधणं यात अवघड नव्हतं. अवघड होता तो मुलीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तिची नणंद, म्हणजे ती बेंबळीची बहीण, रोज एसटीने रुग्णालयात यायची. हातात जेवणाचा डबा. मुलगी तिला खाटेजवळ येऊ द्यायची नाही. मी एकदा समजावून पाहिलं.

"तिला आत येऊ देऊ नका, साहेब," मुलगी म्हणाली. "तिच्याबिगर कुणाला ठाव नव्हतं. आमी दुसऱ्या कुणाला सांगितलंच न्हाय तर दुसरं कोण सांगंल?"

"सख्खा भाऊ गेला तिचा. ती कशाला सांगेल?"

"मला काय म्हायती? कुणी धमकी दिली आसंल. कुणी गोड बोलून काढून घेतलं आसंल."

बाहेर व्हरांड्यात नणंद भिंतीला टेकून बसली होती. मुलगी काय म्हणते हे तिला कळलं होतं, सगळ्या वॉर्डाला कळलं होतं. डबा माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "साहेब, म्या आणलंय म्हणून सांगू नका. दवाखान्याचं हाय म्हणा. पोटुशी हाय ती, उपाशी ऱ्हाऊन कसं चालंल?" मी तो डबा नर्सबाईंच्या हाती आत पाठवला. मुलीने झाकणावरची कापडाची गाठ पाहिली आणि तसाच परत दिला. गाठ ओळखीची होती.

माहेर तर संपलंच होतं. सासर म्हणजे ही एकटी नणंद. तिच्याकडे जायचं नसेल तर मुलीला एखाद्या आधारगृहात पाठवावं लागणार होतं आणि मूलही तिथेच जन्माला येणार होतं. पोटातल्या लेकराला अख्ख्या जगात एकच घर उरलं होतं आणि तेही एका संशयामुळे बंद झालं होतं. हे मला बघवत नव्हतं. म्हणून दोषारोपपत्राला गरज नसतानाही मी त्या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही.

आधी भावाकडे वळलो. पोलीस कोठडीतला माणूस सुरुवातीला माज करतो, मग त्याला चहा लागतो, आणि चहा पिताना तो बोलतो, असा माझा अनुभव. हा गडी मात्र चहा पिऊनही ताकास तूर लागू देत नव्हता. खून कबूल, पाईप कबूल. पत्ता कुठून मिळाला म्हटलं की गप्प. मग एके सकाळी तो स्वतःहूनच म्हणाला, "तिच्या नणंदनंच सांगितलं. लिवा की साहेब, लिवा." आणि हसला.

माझ्या फौजदाराने पेन उघडलं होतं. मी त्याला थांबवलं. आरोपी कुणाचं नाव फुकट देत नाही. आपल्या माणसाला वाचवायला देतो, नाहीतर कुणाचा तरी सूड घ्यायला देतो. इथे तर दोन्ही होतं. बहिणीच्या नवऱ्याला मारून याचं समाधान झालं नव्हतं. तिच्या डोक्यावरचं उरलंसुरलं छप्परही त्याला काढून घ्यायचं होतं. ते हसणं मी विसरलेलो नाही, आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा हात उठायचा राहिला.

नणंदेच्या फोनचा सीडीआर, म्हणजे कॉलची यादी, मागवली. मुलीच्या माहेरच्या एकाही नंबरशी तिचा कधी संपर्क नव्हता. तो कागद मी मुलीला दाखवला. तिने तो नीट वाचला आणि म्हणाली, "सांगाय फोनच लागतो व्हय साहेब? माणूस पाठवूनबी सांगता येतंय." तिचं चुकत नव्हतं.

तोवर गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. पत्ता पोलिसांत दिला होता ना? मग पोलिसांनीच विकला असेल. ही कुजबुज झोंबली, पण तपासात स्वतःचं घर वगळता येत नाही. कपाटातलं पाकीट काढून पाहिलं. सील शाबूत होतं. माझ्या डोक्यात दुसरीच शंका आली. सकाळच्या हजेरीला सगळ्या अंमलदारांना म्हटलं, आपापले मोबाईल टेबलावर ठेवा आणि फोटो उघडून दाखवा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. प्रत्येकाच्या खासगी फोनमध्ये अर्धं ठाणं भरलेलं. पंचनामे, जबाब, पीडित मुलींचे दाखले, मयतांचे फोटो. आणि त्यांच्या आगेमागे घरचे वाढदिवस, तुळजापूरचं दर्शन, मेव्हण्याची नवी गाडी. एका हवालदाराच्या फोनमध्ये त्या जोडप्याचा पत्त्यासकट जबाब होता. त्याच्या वरचा फोटो हवालदाराच्या लेकीच्या वाढदिवसाच्या केकचा.

"हा कशाला काढला?" मी विचारलं.

"वरून तातडीनं मागितला व्हता साहेब. ठाण्याचा संगणक बंद पडलेला. मोबाईलवर काढला आन पाठवला."

"घरी हा फोन कोण वापरतं?"

तो खाली बघत म्हणाला, "सगळेच वापरत्यात, साहेब."

 पुढचा सगळा वेळ मी त्या हवालदाराच्या मागे लागलो. त्याचं कुटुंब परजिल्ह्यात होतं, मुलीच्या गावाशी त्यांचा दूरचाही संबंध नव्हता, आणि फोन तपासायला पाठवला तर तो फोटो वरच्या कार्यालयाशिवाय कुठेही गेलेला नव्हता. नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही. कुलपाची किल्ली मी कमरेला लावून फिरत होतो आणि कुलपातली वस्तू कुणाच्या तरी घरी टीव्हीशेजारी चार्जिंगला लागलेली होती.

मात्र त्या टेबलावरच्या फोनांनी मला एक गोष्ट शिकवली. आतापर्यंत मी 'कुणी सांगितलं' हे विचारत होतो. कुणी काही सांगितलंच नसेल तर? कुणी नुसतं पाहिलं असेल तर?

मी भावाला पुन्हा समोर बसवलं. यावेळी प्रश्न विचारला नाही. फाईल चाळत सहज म्हणालो, "फोटोत कशी दिसते रे बहीण? वाळलीये ना?"

तो दचकला. "माझ्या फोनात फोटूबिटू न्हाय," तो घाईने म्हणाला.

"तुझ्या नाही ते मला माहीत आहे. तुझा आम्ही तपासलाय. कुणाच्या आहे तेवढं सांग."

 मग त्याने वडिलांचं नाव घेतलं.

वडिलांची चौकशी आधी एकदा झाली होती. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गावात मोठा मान. 'पोरानं केलं, मला काहीच ठाऊक नाही,' असं तेव्हा ते म्हणाले होते. आता पंचांसमक्ष त्यांचा फोन ताब्यात घेतला. फोटो त्यात होता. पुसलेला नव्हता, लपवलेलाही नव्हता.

"हा पुसला का नाही?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. पोराने आपल्या फोनमधून सगळं पुसलं होतं.

म्हातारा फोटोकडे वाकला. मग म्हणाला, "पोरीचा फोटू हाय साहेब. दिवस गेलेत तिला. पुसाय हात झाला न्हाय."

"आणि तोच फोटो पोराला दाखवलात."

"म्या फकस्त दाखवला. जावा म्हणलं न्हाय."

"थांबा तरी म्हणालात का?"

 आजवर खूप आरोपी पाहिले, पण एकाच माणसाच्या मनात माया आणि असा विखार शेजारी शेजारी बसलेला फारसा पाहिला नाही. मला त्याची कीव आली नाही. राग आला. कटात सामील म्हणून त्यालाही आरोपी केलं. फोटो मुळात कुणी दाखवला हे मात्र तो शेवटपर्यंत सांगेना. "ज्यानं दाखवला त्यो देवमाणूस हाय," एवढंच म्हणायचा.

तो फोटो नीट पाहिला. तो मुलीचा थेट काढलेला फोटो नव्हताच. दुसऱ्या एका फोनच्या पडद्याचा फोटो होता. तो दुसरा फोन धरलेल्या हाताचा अंगठा कडेला दिसत होता, म्हाताऱ्या माणसाचा. पडद्यावर मुलगी उभी, हातात आधार कार्ड, पाठीमागे भिंतीवर रंगवलेली फळं आणि भाज्या. आधारवर तिचं माहेरचं नाव आणि गाव. ते अजून बदललेलं नव्हतं. फोटो घेऊन मी रुग्णालयात गेलो.

मुलीने पाहताक्षणी ओळखला. "ही अंगणवाडीची भित हाय. बाईंनी काढला व्हता. गरोदर बायांचं नाव घालायचं म्हणून. शेतमालकीणबाई म्हणल्या, नाव घाल, आहार मिळंल." मग लगेच म्हणाली, "पर बाई लई चांगल्या हायती, साहेब. म्या त्यांना सांगितलं व्हतं, माझं नाव कुठं जाऊ देऊ नका. त्या म्हणल्या, सरकारी काम हाय, कुठंबी जात न्हाय."

अंगणवाडी सेविका शेजारच्याच गावातल्या. पन्नाशीच्या, कामाला वाघीण, गावात शब्दाला किंमत. मला पाहून त्या घाबरल्या नाहीत. फोटो दाखवल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"हा माझ्याच फोनमधला आहे. पण साहेब, देवीची शपथ, मी कुणालाही पाठवला नाही."

"कामासाठी तुम्हाला फोन मिळालाय ना?"

"हो, मिळालाय की."

त्यांनी कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखाली फडक्यात गुंडाळलेला खोका. खोक्यावर वाळलेलं हळदकुंकू. खंडेनवमीला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर त्याचीही पूजा झाली होती. फोन नव्या नवरीसारखा, पडद्यावरची पातळ पट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"हा वापरत नाही?"

"सरकारी वस्तू, साहेब. पडला-फुटला तर आपल्याला भरून द्यावा लागतो. एकीचा पाण्यात पडला तर किती हेलपाटे घालावे लागले तिला! मी म्हटलं, जिवापाड जपू. काम काय, माझ्या फोनवर पण होतं." त्यांच्या आवाजात जरासा अभिमानच होता. आमच्याकडची प्रामाणिक माणसं ही चूक हमखास करतात. सरकारी वस्तू जपायची म्हणून कुलपात, आणि सरकारी काम घरच्या वस्तूवर.

त्यांचा फोन तपासला. बाहेर काहीच पाठवलेलं नव्हतं, बाई खरं बोलत होत्या. मग हा फोटो मुलीच्या बापाच्या हातात गेला कसा? माझ्याबरोबर सायबरचा एक शिपाई होता, त्याने घरातले बाकीचे फोन मागितले. घरात तीन फोन होते: बाईंचा, नवऱ्याचा, सासऱ्यांचा. ज्या दुकानातून घेतले त्या दुकानदाराने 'पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा' म्हणून तिघांनाही एकच खातं जोडून दिलं होतं. एका फोनवर फोटो काढला की तो बाकीच्या दोन्ही फोनांवर आपसूक दिसायचा. बाईंना हे ठाऊक नव्हतं. नवऱ्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. शिपायाने सासऱ्यांचा फोन उघडून माझ्यापुढे धरला. गावातली प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येकीचं आधार कार्ड, वजनकाट्यावरची उघडी लेकरं, सगळं एकाखाली एक.

सासरे आतल्या खोलीत झोपून होते. बरं नाही म्हणून काही दिवस अन्न घेत नव्हते, असं बाई म्हणाल्या. मी दारात उभा राहिलो तसे ते हात टेकून उठून बसले.

"आलात का साहेब?" ते म्हणाले. "म्या वाटच बघत व्हतो."

"मामा, तुम्ही?" सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी सगळं सांगितलं, एका शब्दालाही न चाचरता. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून ते फोन बघत बसत. "फोटू आपल्याआप येत्यात. मला वाटायचं, फोनातच असत्यात. पोरीबाळी दिसत्यात, लेकरं दिसत्यात, बरं वाटतंय." त्यात एक दिवस ही मुलगी दिसली. आधारवर गावाचं नाव वाचलं. त्या गावात त्यांची बहीण दिली होती, मुलीच्या बापाशी जुनी बसऊठ होती. पोर पळून गेली हे त्यांनी ऐकलं होतं. पुढे एका साखरपुड्यात तो बाप भेटला.

"म्या त्याला बाजूला घेतलं साहेब. फोटू दाखवला. म्हणलं, बघ, तुजी लेक सुखात हाय, दिवस गेलेत तिला. आता नातवाचं त्वांड बघ आन राग सोड. त्यो रडला माज्यापुढं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणला, पुन्यांदा दाखव, मला एक फोटू काढून घिऊ दे. म्हणला, कुठं राहती? कुणाच्या रानात नवं जोडपं आलंय हे मला ठाव व्हतंच, म्या सांगितलं. मला वाटलं, एक घर जोडलं म्या." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. "घाला बेड्या."

सून मटकन खाली बसली. सासऱ्यांवर ती ओरडली नाही. कपाळ बडवत एकच म्हणत राहिली, "तिने मला विचारलं होतं. कुठं जाणार नाही ना, म्हणून विचारलं होतं तिने मला."

बेड्या घालायला माझ्याकडे कलमच नव्हतं. म्हाताऱ्याला साक्षीदार केलं. पुढे त्याने न्यायालयात उभं राहून खणखणीत साक्ष दिली आणि त्या साक्षीमुळेच मुलीच्या बापावरचा कटाचा आरोप टिकला. भाऊ, चुलतभाऊ आणि बाप, तिघांनाही शिक्षा झाली. बाईंची खात्याकडून चौकशी झाली ती वेगळीच.

म्हाताऱ्याचा जबाब झाला त्याच संध्याकाळी हे सगळं मी मुलीला खाटेजवळ स्टूल ओढून सांगितलं.  संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजी कुणी मुद्दाम केलंच न्हाय?"

"तुझ्या भावाने आणि बापाने केलं. त्यांच्याशिवाय कुणीही नाही."

"आन आक्कानं न्हाय."

"आक्काने नाही."

मग मात्र ती रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज ऐकून नणंद दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली, आत यावं की नाही हे तिला कळेना. मुलगीच उठून गेली. "आक्का, म्या तुला काय काय बोलले," ती म्हणाली. नणंदेने तिला जवळ ओढलं नाही, समजूतही घातली नाही. पदराने तिचं तोंड पुसत एवढंच म्हणाली, "तुज्या जाग्यावर म्या असते तर म्याबी हेच म्हणले असते. चल, पायात चपला घाल."

त्यानंतर मी ठाण्यात एक नियम केला: कामाचा फोटो ठाण्याच्याच फोनवर, आणि तो फोन घरी न्यायचा नाही. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. अशी परिपत्रकं वरूनही येत असतात, पण ती पालथ्या घड्यावरचं पाणी. सही होते आणि फाईलला लागतात. ज्या दिवशी मी त्या हवालदाराला तो केकचा फोटो आणि त्याखालचा जबाब पुन्हा दाखवला, त्या दिवसापासून कुणी कुरकुर केली नाही.

सबंध नोकरीत मी एक गोष्ट गृहीत धरून चाललो होतो, की गुपित फुटलं म्हणजे कुणीतरी फितूर असणार. फितुराला शोधायची मला सवय होती, त्यात मी तरबेज होतो. या प्रकरणात फितूर नव्हताच. एक कामसू बाई होती, एक एकटा म्हातारा होता, आणि कामाचा व घरचा एकच फोन होता. एवढ्यावर एक चांगला मुलगा जिवानिशी गेला आणि एका निरपराध बहिणीला भावाच्या मारेकऱ्यांबरोबर मोजलं गेलं. वाईट माणसाला कोठडीत टाकता येतं. चांगल्या माणसाच्या निष्काळजीपणाला कुठे टाकायचं हे मला अजून कळलेलं नाही.

सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाला नणंद मुद्दाम आली होती. मुलगी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. दोघींनी बेंबळी सोडली होती, कारण आरोपींचे भाऊबंद बाहेरच होते. नणंद हसत सांगत होती, "बाळाचा फोटू काढाय एक बाई आली, तर हिनं आधी इचारलं, फोन दवाखान्याचा का घरचा? घरचा म्हणल्यावर लेकराच्या तोंडावर पदरच टाकला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "साहेब, आमचा नवा पत्ता लिहून घ्या. तुमाला ठाव असलेला बरा. कदी जवळून गेलात तर पोराला बघून जावा."

त्या पोराला बघायची मला फार इच्छा होती. अजूनही आहे. खिशातून फोनही काढला होता मी. घरी हा फोन बायको वापरते, सुना वापरतात, नातवंडं खेळतात.

फोन परत खिशात ठेवला आणि तिला म्हणालो, "नको बाई. मलासुद्धा सांगू नका."